एक कापड राहिलं

भिजलेली वाकळ ज्यानं कधी उचलली नाही त्यानं मला वजनाविषयी काही सांगू नये. आमच्या घरची थोरली वाकळ जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली होती. कोरडी असताना अंगावर घेतली तरी कूस बदलायला शेजाऱ्याला हाक मारावी लागायची. ओली झाली की तिला वजन नसायचं, मुक्काम असायचा. पंचगंगेत बुडवली की नदी जरा थांबायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. आणि आमची अव्वा तिला पिळायची तेव्हा निघालेलं पाणी खाली शिरोळपर्यंत जायचं, तिकडची माणसं पूर आला म्हणून गुरं वरच्या अंगाला नेऊन बांधायची, असं मी शाळेत सांगत असे. कुणी खोटं म्हटलं नाही. ज्यांनी अव्वाला नदीवर बघितलं होतं ते तर म्हणायचे, पाणी शिरोळच्याही पुढं जात असणार.

अव्वा म्हणजे आमची आई. आमचं घर लिंगायताचं, अव्वाचं माहेर पार सीमेकडचं, त्यामुळं घरात आईला अव्वा, वडलांना अप्पा, आणि राग आला की कन्नड. राहायला आम्ही गंगावेशीजवळच्या एका बोळात होतो. दोन खोल्या, वर पत्रा. अप्पा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर कामाला. दिवसभर गुळाशी बोलून घरी येत, त्यामुळं घरात फारसं बोलत नसत.

नवरात्राचे घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, दसरा म्हणजे सोनं लुटायचं. ते नंतर. आधी दसरा काढायचा. म्हणजे घरात जे जे कापडाचं आहे ते सगळं बाहेर काढायचं, नदीला न्यायचं, धुवायचं, वाळवायचं आणि मगच परत आत घ्यायचं. सगळं म्हणजे वाकळा, चादरी, पडदे एवढंच नव्हे. टीव्हीवरचं झाकण, दूध गाळायचं फडकं, ज्वारीची रिकामी पोती, सायकलच्या सीटची टोपी, अप्पांची टोपी. अव्वाचा नियम असा की धुतलेल्याला न धुतलेलं शिवलं की धुतलेलं सगळं परत पाण्यात. आणि घरात एक जरी कापड धुवायचं राहिलं तर दसरा निघाला नाही. दसरा निघाला नाही तर घट बसत नाही. त्यापुढं काय होतं ते कुणी बघितलेलं नव्हतं, कारण तिथवर जायची कुणाची छाती नव्हती.

एका वर्षी सगळं धुऊन, वाळवून, घड्या रचून झाल्यावर शिवणयंत्राच्या खणात एक फडकं सापडलं. तळहाताएवढं, तेलकट. अव्वानं त्याच्याकडं असं बघितलं की ते जागच्या जागी धुतलं जाईल असं मला वाटलं. मग ती घड्यांच्या ढिगाकडं वळून म्हणाली, "खालची चादर खणाला टेकली हुती काय?" अप्पांनी खरं बोलून टाकलं. म्हणाले, "टेकली असंल की." दुसऱ्या दिवशी सगळा संसार परत नदीला. अप्पा त्यानंतर वर्षभर कुठल्याच प्रश्नाला लगेच उत्तर देत नसत.

आता खेळाचं. नव्वदीच्या सालांत आमच्या बोळाच्या तोंडाला एका माणसानं टीव्हीला यंत्र जोडून व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं. आत पोरं बसायची, बाहेर पडद्याच्या फटीतून आम्ही पोरी बघायचो. पडद्यावर एक गडी बंदूक घेऊन पळायचा, समोर येईल त्याला उडवायचा, शेवटी एक भलंमोठं धूड यायचं आणि ते याला उडवायचं. मग पहिल्यापासून. मी दोन-चार दिवस बघितलं आणि मला वाटलं, यात काय आहे. हा गडी एकदा आमच्या घरी दसऱ्याला यावा. बंदूक ठेवायला जागा मिळणार नाही, कारण अव्वा विचारील, बंदुकीला कापडाचा पट्टा हाय काय. असेल तर काढ.

हा विचार माझ्या डोक्यात मुरत राहिला आणि दोन हजार सालानंतर कधीतरी शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये वर आला. तेव्हा कोल्हापुरात जिकडं बघावं तिकडं कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. आमचा क्लास एका दुकानाच्या माडीवर होता. आत लॅबमध्ये जायचं तर चपला बाहेर, पाय पुसून, आणि मोठ्यानं शिंकायचं नाही, यंत्र बिघडतं. प्रत्येक मॉनिटरला, कीबोर्डला कापडाची कव्हरं होती, झालरवाली, निळी. सर सकाळी ती अशी काढायचे जशी पुजारी मूर्तीची वस्त्रं उतरवतो. सरांच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा होता की ते जिना चढताना खालच्या दुकानदाराला बैलजोडी आल्याचा भास व्हायचा.

कोर्स संपत आला तेव्हा सरांनी जाहीर केलं. ज्याचं प्रोजेक्ट बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना सगळ्यात जास्त आवडेल त्याला क्लासवर शिकवायला ठेवून घेणार. लॅबची एक किल्ली त्याच्या हातात.

मला ती किल्ली पाहिजे होती. का, तर माझ्या मामानं सीमेकडून येऊन पेठ वडगावला कापडाचं दुकान टाकलं होतं आणि तिथं ब्लाउजपीस दाखवायला एक पोरगी लागत होती. अप्पांनी शब्द दिलेला होता. कोर्स झाला की पाठवतो. मला ब्लाउजपीसचं काही वाईट वाटत नव्हतं, पण त्या दुकानात एक हिरवा रंग होता, त्याच्या अठरापगड छटा होत्या, आणि गिऱ्हाईक बाई प्रत्येक छटा उजेडात नेऊन बघायची आणि शेवटी म्हणायची, "ह्यातच जरा वेगळा दावा." मी सुट्टीत एकदा तिथं बसले होते. आठवडाभर मला भाकरीसुद्धा हिरवी दिसत होती. इकडं लॅबमध्ये मी चार ओळी लिहिल्या की काळ्या पडद्यावर एक चौकोन उगवायचा, जो आधी जगात नव्हता. ही गोष्ट माझ्या अंगावर काटा आणायची. किल्ली मिळाली तर कोल्हापूर आणि तो काळा पडदा, नाही मिळाली तर वडगाव आणि हिरवा.

सरांना मी प्रोजेक्ट सांगितलं तेव्हा ते समोसा खात होते.

"गेम करणार? कशाचा?"

"दसरा काढायचा, सर."

"म्हणजे आपट्याची पानं गोळा करायची?"

"न्हाय, सर. धुणं."

त्यांनी समोसा खाली ठेवला. "धुण्याचा गेम खेळणार कोण, मॅडम?"

"ज्यांनी कधी धुतलं न्हाय ते खेळतील की."

सरांनी समोसा परत उचलला. मी ते परवानगी असं धरलं.

क्लासमध्ये माझ्या तोडीचा एकच होता. हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं येणारा एक पोरगा, शेतकऱ्याच्या घरचा, जैन, कांदासुद्धा न खाणारा आणि तरी तिखट बोलणारा. त्याचं प्रोजेक्ट ग्रंथालयाचं होतं. पुस्तक गेलं, पुस्तक आलं, उशीर झाला, दंड भरा. स्वच्छ काम. त्यालाही ती किल्ली पाहिजे होती, आणि हे आम्ही दोघंही एकमेकांना रोज सांगत होतो.

"तुझ्या गेममधी हरलं की काय हुतंय?" त्यानं विचारलं. "साबण संपतोय?"

"अव्वा येती."

"आणि जिंकलं की?"

"अव्वा काय बोलत न्हाय."

तो म्हणाला, "मग दोन्हीकडनं तेच की."

दोन महिने मी तो खेळ बांधत होते. आजच्या पोरांना तो दाखवला तर ती विचारतील, चित्र कधी येणार. पण तेव्हा आमच्याकडं रेघ, चौकोन आणि गोल एवढंच होतं. घर म्हणजे चौकोन. नदी म्हणजे आडवा निळा पट्टा. म्हैस म्हणजे काळा चौकोन आणि वर दोन रेघा, पण त्या रेघा मी अशा वाकवल्या होत्या की बघणारा खुर्ची मागं घ्यायचा. बाई म्हणजे त्रिकोण आणि वर गोल. त्रिकोण म्हणजे लुगडं. ते काढायला मी वेगळं काही लिहिलं नाही. वाकळा, चादरी, पडदे ज्या साच्यातून काढत होते त्याच साच्यातून बाईचं लुगडंही काढलं. काम वाचलं म्हणून त्या दिवशी मी स्वतःला भेळ खाऊ घातली.

खेळणाऱ्यानं बाईला बाणांच्या बटणांनी हलवायचं. घरातलं एकेक कापड हुडकायचं, नदीला न्यायचं, धोंड्यावर आपटायचं. आपटताना एकच बटण सारखं दाबावं लागायचं, त्या बटणाचा पुढं पार चेंदामेंदा झाला. मळकं कापड तपकिरी, धुतलं की रंगीत. मग वाळत घालायचं. तिथं म्हशी. म्हशी गेल्या की ढग. ढग गेले की शेजारणीची वाकळ सरकत सरकत आपल्या जागेवर यायची. वर सूर्य डावीकडून उजवीकडं चाललेला. तो मावळायच्या आत घरातलं शेवटचं कापड धुऊन झालं पाहिजे. कोपऱ्यात आकडा, किती राहिलं त्याचा. शून्य झालं की घट बसणार, दिवा लागणार. धुतलेल्याला मळकं शिवलं की मात्र सगळं तपकिरी.

पहिल्यांदा जेव्हा पडद्यावरची वाकळ तपकिरीची लाल-पिवळी झाली, तेव्हा मी खुर्चीत तशीच बसून राहिले. माझ्या अव्वाचे दंड, तो धोंडा, तो आवाज, सगळं त्या चौकोनात कुठून शिरलं कुणास ठाऊक. सर मागून जात होते, तेही थांबले. म्हणाले, "परत कर." मी परत केलं. ते म्हणाले, "हं." सरांचा हं हा इतरांच्या भाषणाएवढा होता.

पण खेळ मी अव्वाच्या मापानं केला होता, तिथं घोटाळा झाला. शेवटपर्यंत कुणी पोचेचना. पोरं म्हशीपाशीच खलास व्हायची. परीक्षक सोमवारी येणार आणि आधीच्या शुक्रवारी कुठं हातकणंगल्याचा पोरगा म्हशी, ढग, शेजारीण सगळं पार करून शेवटाला पोचला. सगळा क्लास त्याच्या पाठीशी उभा. सूर्य अजून वर होता. घरातलं सगळं रंगीत. आणि कोपऱ्यात आकडा होता एक.

"एक राहिलंय," तो म्हणाला.

"हुडक की मग."

त्यानं बाईला घरभर फिरवलं. फळीवर, माळ्यावर, कोनाड्यात. पोरं मागून सांगायला लागली. गाळणं धुतलं काय. टीव्हीवरचं बघ. पोत्याखाली बघ. एक जण म्हणाला, उशीच्या आत बघ, आमच्यात उशीच्या आत असतंय. घरातल्या कुठल्याच कोपऱ्यात तपकिरी काही दिसत नव्हतं. सूर्य मावळला. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलेलं वाक्य आलं, दसरा निघाला नाही.

शनिवारी दिवसभर तेच. मी ओळ न् ओळ तपासली. हिशेब बरोबर होता, आकडा बरोबर होता, कापड मात्र कुठंच नव्हतं. शिवणयंत्राच्या खणातल्या त्या फडक्याची मला आठवण झाली, म्हटलं ते फडकंच आलंय सूड घ्यायला. सरांनी संध्याकाळी लॅबला कुलूप घालताना विचारलं, "सोमवारी दाखवायचं का नको, मॅडम? न संपणारा गेम परीक्षकांच्या पुढं कसा ठेवायचा?"

हातकणंगल्याचा चपला घालत होता. म्हणाला, "वडगावला माझी आत्या हाय. तिला ब्लाउजपीस तुझ्याकडनंच घ्यायला सांगतो."

म्हणजे रविवारी विचार करायचा एवढंच उरलं होतं. आणि रविवारी अव्वानं दसरा काढला.

"अव्वा, माझं प्रोजेक्ट हाय उद्या," मी म्हटलं. "मी ह्या वर्षी न्हाय येत."

"कशाचं प्रोजेक्ट?"

"दसरा काढायचं."

अव्वानं डोक्यावर वाकळांचं गाठोडं चढवलं, ते दाराच्या चौकटीला दोन्हीकडनं घासलं. "मग हितं बसून काय करालीस? दसरा तिकडं नदीला हाय. धर ती बादली."

अप्पांना सकाळीच धुतलेल्या लुंगीत बसवून ठेवलं होतं. बाहेर पडायची बंदी, कशाला टेकायची बंदी. ते खोलीच्या मधोमध एका पाटावर असे बसले होते जसा नवरदेव मुहूर्ताची वाट बघत बसतो.

पंचगंगेचा घाट त्या दिवशी दगडाचा नव्हता, कापडाचा होता. अर्ध्या कोल्हापूरचा दसरा त्याच रविवारी निघत होता. पायऱ्यांवर वाकळा, नदीतल्या लहान देवळांच्या ओट्यांवर चादरी, झुडपांवर परकर, हातगाड्यांच्या दांड्यांवर पडदे. लाल, जांभळं, चटणीच्या रंगाचं, हळदीच्या रंगाचं. पुलावरून जाणारी माणसं सायकली थांबवून बघायची. आणि आवाज. शेकडो बाया एकदम धोपटायच्या, तो आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत यायचा आणि परत आलेल्या आवाजाला पुढच्या बाया ताल धरायच्या. मी माझ्या लहानपणापासून हे बघत होते, पण दोन महिने त्याचे चौकोन काढत बसल्यावर पहिल्यांदा बघत होते. मला माझ्या खेळाची लाज वाटली नाही. उलट छाती फुगली. म्हटलं, एवढं मोठं मी त्या खोक्यात घालायला निघाले होते.

थोरली वाकळ पिळायला एका टोकाला अव्वा, एका टोकाला मी. अव्वा पीळ घालायची, मी धरून राहायचं. तिनं तिसरा पीळ दिला तेव्हा माझे पाय पायरीवरून सुटले. चौथ्याला मी अर्धी फिरले.

"सोडू नकोस," अव्वा म्हणाली.

"मी कुठं सोडालोय. मलाच पिळालीस की."

शेजारची बाई हसून म्हणाली, "अक्का, लेकीला बी वाळत घाला."

उन्हं कलायला लागली तेव्हा सगळं धुऊन झालं. मी ओट्यावर वाळवणापाशी राखण करत बसले. वाळवणाची राखण हे दर वर्षी माझंच काम. म्हशी खालच्या अंगाला उतरत होत्या, त्यांच्यावर डोळा ठेवायचा. डोक्यात मात्र तेच. एक राहिलं. कुठलं.

म्हशींकडं बघायचं सोडून मी सहज अव्वाकडं बघितलं. तिनं धोपटणं बाजूला ठेवलं, साबणाची उरलेली चिपटी उचलली, एकदा सगळ्या काठावरून नजर फिरवली आणि जशी होती तशी पाण्यात उतरायला लागली. गुडघ्याएवढं, कमरेएवढं, गळ्याएवढं. तिथं उभं राहून तिनं अंगावरच्याच लुगड्याला साबण लावला. पदराला लावला, निऱ्यांना लावला, पाण्याखाली चोळला. मग डोक्यापर्यंत बुडी मारली. ती आत होती तेवढा वेळ नदीवर नुसता फेस होता. वर आली तेव्हा ते रोजचं विटकं लुगडं उन्हात असं चमकत होतं की मला पहिल्यांदा कळलं, ते जांभळं होतं.

"निघाला दसरा," अव्वा म्हणाली.

हे वाक्य ती दर वर्षी म्हणायची. मी ते दर वर्षी ऐकायचे, पाठ करून, म्हशींकडं बघत. तिच्या घरातलं शेवटचं न धुतलेलं कापड तिच्या अंगावर असायचं आणि ते धुवायला ती स्वतः नदीत जायची, हे मी वीस वर्षं तिच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून बघितलं नव्हतं. कॉम्प्युटरला ते माहीत होतं. काम करणाऱ्या बाईच्या अंगाला शिवाशिवीतनं सूट असते, ती मी खेळातही दिली होती, मोजणीतनं मात्र दिली नव्हती. मी बाईचं लुगडं वाकळेच्या साच्यातून काढलं होतं, त्यामुळं त्या खोक्यानं त्याला कापड म्हणून धरलं होतं आणि दोन दिवस ते बिचारं सांगत होतं, एक राहिलं, एक राहिलं, बाईच्या अंगावर बघा. मी राखण सोडून उठून उभी राहिले.

"आता तू काय कोरडी घरला येणार व्हय?" अव्वा पाण्यातून म्हणाली. "तुझ्या अंगावर काय पानं हायत? उतर."

दर वर्षी ती मला सकाळीच धुतलेले कपडे घालून आणायची, यंदा प्रोजेक्टच्या नादात मी अंगावरच्याच कपड्यांत आले होते. मी पंजाबी ड्रेससकट उतरले.

सोमवारी लॅब उघडायच्या आधी मी जिन्यावर बसले होते. दोन वाटा होत्या. एक सोपी, एका ओळीची. कॉम्प्युटरला सांगायचं, बाईच्या अंगावरचं मोजू नकोस. आकडा शून्य, दिवा लागला, काम झालं. दुसरी अवघड. बाईला नदीत उतरवायचं. सर लॅब उघडून परीक्षकांना आणायला स्टँडवर गेले, म्हणजे फार वेळ नव्हता. हातकणंगल्याचा पहिल्या गाडीनं आला होता. त्याला मी दोन्ही सांगितलं.

"एका ओळीचं कर," तो म्हणाला. "किल्ली पायजे न्हवं तुला?"

"पायजे."

"मग?"

"अव्वा उतरली हुती की."

तो आपली खुर्ची माझ्या शेजारी ओढून म्हणाला, "पाण्याच्या खाली गेलेला भाग कसा लपवणार? सांग, मी आकडे काढतो." हा माणूस माझ्या विरुद्ध होता, हे मी परत सांगते. आम्ही असे बडवत बसलो की कीबोर्डमधून धूर निघायचा तेवढा बाकी होता. शेवटची ओळ लिहून झाली आणि जिन्यावर सरांच्या किल्ल्या आणि परक्या बुटांचा आवाज आला. चालवून बघायला वेळ नव्हता.

परीक्षक मोठे गृहस्थ होते, गंभीर, चष्मा सोनेरी काड्यांचा. त्यांनी ग्रंथालय बघितलं, मान हलवली. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "मी स्वतः खेळतो. मला काही सांगू नका."

ते म्हशींपाशी हरले. परत खेळले. ढगांपाशी हरले. सरांनी चहा मागवला, चहा गार झाला. सरांनी दुसरा मागवला. परीक्षकांनी कोट काढून खुर्चीला लावला. धोंड्यावर आपटताना ते ओठ चावत होते. शेवटी सगळं घर रंगीत झालं आणि कोपऱ्यात आकडा आला. एक.

त्यांनी घरभर हुडकलं. सूर्य उताराला लागला. सर माझ्याकडं वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "एरर आहे ना अजून?"

"न्हाय, सर. अजून दसरा निघाला न्हाय."

सांगावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. एक शब्द, नदी. पण सांगू नका म्हणाले होते, आणि खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं की ती उतरेल का मध्येच अडकून पडद्यावर कचरा होईल. माझा मामा मला त्या पडद्यात हिरवा हिरवा दिसायला लागला होता.

परीक्षकांची बोटं बटणांवर थांबली. ते बाईकडं बघत होते. सगळ्या पडद्यावर रंग होते आणि त्यात ती एकटी तपकिरी उभी होती. दोन महिने ती आमच्या डोळ्यांपुढं तशीच उभी होती. त्यांनी तिला नदीपाशी आणलं, जरा थांबले, आणि खालचा बाण दाबला.

ती उतरली. रेघेरेघेनं उतरली. त्रिकोण निळ्यात बुडत गेला, मग गोल बुडाला, आणि पडद्यावर नुसती नदी राहिली. तेवढ्या वेळात शाहूपुरीतली वाहतूक थांबली असणार, मला तरी काही ऐकू आलं नाही. मग ती वर आली, जांभळी. आकडा शून्य झाला. घरात दिवा लागला.

परीक्षकांनी चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला, पुसायला गेले आणि मध्येच त्या रुमालाकडं बघत राहिले. "हा कधी धुतलाय, कुणास ठाऊक," ते म्हणाले, आणि चष्मा शर्टाला पुसला.

किल्ली मला मिळाली. सरांनी जुडग्यातून ती काढली तेव्हा त्यांचं वजन कमी झाल्यासारखं ते एका बाजूला कलले. हातकणंगल्याचा म्हणाला, आत्याला आता ब्लाउजपीस कोण दावणार. पण जायच्या आधी त्यानं तो खेळ आणखी एकदा खेळून घेतला, शेवटापर्यंत, आणि बाई पाण्याखाली गेली तेव्हा हात बटणांवरून काढून मांडीवर ठेवले.

दोन दिवसांनी अव्वा लॅब बघायला आली. चपला बाहेर, पाय पुसून. मी तिला खुर्चीवर बसवलं, खेळ लावला, तिची बाई तिला दाखवली. अव्वा पडद्याकडं बघतच नव्हती. तिनं शेजारच्या मॉनिटरच्या झालरीचं टोक दोन बोटांत धरलं होतं.

"ही झबली कधी धुतली हुती?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी अप्पांसारखंच केलं, उत्तर दिलं नाही. पण उशीर झाला होता.

"घट उद्यावर आलाय," अव्वा म्हणाली. "पोरगी ह्या खोलीत बसणार, आणि खोलीचा दसरा निघालेला न्हाय. काढा."

त्या दुपारी शाहूपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासची सगळी निळी कव्हरं पंचगंगेच्या घाटावर धोंड्यावर आपटली गेली. पिळायला हातकणंगल्याचा होता, तो पहिल्याच पिळात फिरला. ओट्यावर ती झालरवाली कव्हरं ओळीनं वाळत घातली तेव्हा पुलावरून एकानं ओरडून विचारलं, "काय हाय ते, मावशी?"

"कंपुटरची झबली," अव्वानं खालून सांगितलं. "पोरं तिकडं उघडी बसल्यात."

मग तिनं साबणाची चिपटी उचलली आणि लुगड्यासकट परत पाण्यात उतरली. एकदा दसरा काढलेलं लुगडं, पण मळक्या कव्हरांना शिवलेलं. मी वाळवणाची राखण करत होते. या वेळी मी म्हशींकडं पाठ केली आणि ती कमरेएवढ्या, गळ्याएवढ्या पाण्यात जाताना, बुडताना, नुसता फेस उरताना सगळं डोळे भरून बघत राहिले.

ती वर आली तेव्हा तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. मी वळून बघितलं. म्हशी कव्हरांवरून सावकाश पलीकडं चालल्या होत्या, एकेका झबल्यावर खुराचा एकेक शिक्का मारत.

"काढ," अव्वा म्हणाली. "परत."